कायगाराचो स्टेशनचा फळा

१२ ऑक्टोबर १९७१, मंगळवार

आज आलं ते: मिसो अर्धा किलो, ९० येन. टोफूची एक वडी, ३५. मुळा पाल्यासकट, ४० (पाला उद्याला होईल). सांमा मासे दोन, ८०; तिसरा शेपूट तुटलेला होता, तो मासेवाल्या ओतोसेबाईंनी वर फुकट घातला. पांढरं सुती कापड, पोटपट्ट्याच्या लांबीचं, ३५०. कान्नोनदेवीच्या देवळात त्यावर लाल शिक्का मारून घेतला, दक्षिणा २००.

शेवटच्या दोन रकमा हिशेबाच्या वहीत ‘किरकोळ’ म्हणून लावल्या. हे वही कधीच बघत नाहीत, पण देव बघतो. म्हणून इथे खरं लिहून ठेवते.

झालं असं, की ओतोसेबाई सकाळी मासे घेऊन आल्या आणि टोपली दारात टेकवून म्हणाल्या, “वहिनी, अभिनंदन करू का गप्प बसू?”

“कशाचं?”

“तुमची तामाए दिसली. मी बंदरावरून माल घेऊन येत होते, तर ही आपल्या कायगाराचो स्टेशनात, निरोपाच्या फळ्यासमोर उभी. दोन गाड्या गेल्या तरी हलेना. आणि वहिनी, मी चार पोरं काढलीत. कोट कितीही सैल घाला, मला कुणी फसवू शकत नाही. पाचवा लागतोय तिला.”

मी “हो का” म्हणाले आणि मुळा निवडत बसले. त्या गेल्यावर लक्षात आलं, मुळ्याचे पैसे भाजीवाल्याला द्यायचे ते मी त्यांनाच दिले होते. परत आणून दिले त्यांनी, बिचाऱ्यांनी.

तामाए आमची एकुलती एक. यांनी बँकेतला कारकून ठरवला होता. तिने मार्चमध्ये रियोकिचीशी लग्न केलं. तो गोदीत जहाजं रंगवतो. वयाने बारा वर्षांनी मोठा, एक लग्न मोडलेलं. तेव्हा हे म्हणाले, “या उंबऱ्यात तिचं नाव नको. भेटायचं नाही, बोलायचं नाही. तुलाही लागू आहे.” मी पूर्वजांच्या देव्हाऱ्यासमोर हात जोडून मान हलवली. दिला शब्द दिला. तिचा पत्ताही तेव्हापासून माहीत नाही. बंदराजवळच्या मासळीच्या कारखान्यात डबे भरते, एवढंच ऐकून आहे.

रोज संध्याकाळी मी तिच्या नावाचं ताट मांडते. घराबाहेर असलेल्या माणसाचं मांडतात ते. भाताच्या वाडग्यावर झाकण ठेवायचं. झाकणाच्या आत दव धरलं की माणूस सुखरूप. हे त्या ताटासमोर बसून जेवतात आणि ताट कुणाचं, ते सात महिन्यांत एकदाही विचारलेलं नाही.

पाचव्या महिन्यात, पंचांगातल्या कुत्र्याच्या दिवशी (कुत्री सहज विते म्हणून), माहेरच्या कापडाने पोट बांधायचं असतं. १६ तारखेचा अगदी तोंडावर आलाय, त्यानंतरचा २८ तारखेला आहे. माझी थोरली बहीण फुकुए युद्धाच्या वर्षांत बाळंत झाली. कापड कुठेच मिळेना, कुणी बांधलं नाही. ती गेली आणि मूलही गेलं. शिकलेली माणसं म्हणतात त्याचा याच्याशी संबंध नाही. मीही मुलींच्या शाळेत शेवटच्या परीक्षेपर्यंत शिकले आहे. पण फुकुएला मी पाहिलं आहे.

१३ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी देव्हाऱ्यासमोर बसून पूर्वजांना सरळ विचारलं: लिहिणं म्हणजे बोलणं का? उत्तर आलं नाही. नाही आलं म्हणजे हरकत नाही, असं धरलं.

आमचं स्टेशन अगदीच लहान. बंदराकडे जाणारी भुयारी रेल्वेची शाखा, तीन डब्यांची गाडी. जिना उतरलं की तिकिटाचं एक फाटक, एक लांब बाक आणि फाटकाच्या शेजारी निरोपाचा फळा. ज्याला निरोप ठेवायचा असेल त्याने वेळ घालून लिहायचं. सहा तास झाले की मोरिवाकीसाहेब पुसून टाकतात. ते तिथले उप-स्टेशनमास्तर, चाळिशीचे, मोजकं बोलणारे. तामाए हायस्कुलात असताना अवचित पाऊस आला की घरून आमचे हेच छत्री घेऊन जायचे आणि फळ्यावर लिहायचे, ‘छत्री आणली आहे. वरच्या दुकानात थांबलो आहे.’ मग बापलेक एका छत्रीतून भांडत भांडत यायची. ते दिवस वेगळे होते.

बाकावरच्या गाद्या आमच्या महिला मंडळाने शिवल्या आहेत, जुन्या किमोनोंच्या कापडाच्या. अभ्रे धुण्याची पाळी नोव्हेंबरपासून माझी होती, ती मागून ऑक्टोबरपासून घेतली. जायला निमित्त हवं.

तामाए सकाळी कारखान्यात जाते, संध्याकाळी परतते. पासावर मधे कुठेही उतरता येतं. दुपारी दोनला लिहिलं तर संध्याकाळी तिच्या नजरेस पडेल. खडू हातात घेतला आणि काय लिहावं ते सुचेना. शेवटी लिहिलं: ‘पोटाला गार वारा लागू देऊ नये.’

मोरिवाकीसाहेब मागून म्हणाले, “काकू, कुणासाठी ते नाही घातलंत.”

“ज्याला कळायचं त्याला कळेल.”

“हं. असंच आणखी एक जण म्हणतं.”

“कोण?”

त्यांनी बोगद्याकडे पाहिलं. “गाडी आली,” म्हणाले. गाडी यायला चांगला अवकाश होता.

१५ ऑक्टोबर, शुक्रवार

यांच्या कोटाच्या उजव्या बाहीवर पांढरी भुकटी. झटकली, दोन दिवसांनी पुन्हा तिथेच. हे आता निवृत्त आहेत. लाकडाच्या वखारीत तीस वर्षं काढली तेव्हा कधी पहाटे उठून फिरायला गेले नाहीत. आता रोज साडेसहाला बाहेर. “सिगारेट आणतो.” सिगारेटचं पाकीट आठवड्याला एकच संपतं, मी रिकामी पाकिटं मोजली आहेत.

स्टेशनच्या जिन्यासमोर बिलियर्डचा हॉल आहे. तिथे काठीला खडू लावतात. या वयात माणसाला नाद लागला तर सुटत नाही म्हणतात.

१६ ऑक्टोबर, शनिवार

उत्तर आलं! अभ्रे बदलायला गेले, तर कालच्या माझ्या ओळीखाली (कालही मी तेच लिहिलं होतं) लिहिलेलं: ‘हो आई. तसंच करीन.’ मोरिवाकीसाहेबांनी वेळ होऊनही पुसलं नव्हतं. मी तिथेच फाटकाशी हात जोडले. एक म्हातारे गृहस्थ मला वळसा घालून गेले.

घरी येऊन लाल दाण्यांचा भात केला, सणाला करतात तसा. हे म्हणाले, “आज काय आहे?”

“दाणे जुने झाले होते. किडायच्या आत संपवले.”

“हं.” दुसऱ्यांदा वाढून घेतला. झाकणाखाली दव भरपूर.

१९ ऑक्टोबर, मंगळवार

ते तामाएचं अक्षर नव्हतं.

शनिवारीच कळायला हवं होतं. तामाएचं वळण डावीकडे कलतं, लहानपणी मी पट्टी घेऊन बसले तरी सुधारलं नाही. पण आशा डोळ्यांत धूळ टाकते. आज फळ्यावर दुसरं उत्तर होतं: ‘आई, खाऊला पैसे ठेवा.’ बाकावर हायस्कुलातल्या दोन मुली तोंडावर हात धरून वाकल्या होत्या. मोरिवाकीसाहेब आतून आले आणि इतक्या हळू बोलले की मुलींना जास्तच ऐकू गेलं असावं.

“काकू, शनिवारचंही यांचंच. मी सांगणार होतो. तुमचा चेहरा बघून सांगवलं नाही.”

मुलींचं हसू थांबलं. मी “असू दे, असू दे” म्हणत अभ्रे उलटे चढवले. घरी येऊन पाहिलं, तर पिशवीत खडू. न विचारता आणला, उद्या परत द्यायचा.

२० ऑक्टोबर, बुधवार

खडू परत दिला. फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत: ‘काकू, माफ करा. दोघी.’ मुलींना दोष देत नाही. माझ्या ओळीत ‘आई’ असं कुठेच नव्हतं. त्यांनी ते ओळखलं, म्हणजे कुणीही ओळखेल. यांच्या ओळखीच्या माणसाने पाहिलं तर?

तरी लिहिलं: ‘२८ च्या आत पत्ता हवा. एक वस्तू पोचवायची आहे.’

ओतोसेबाईंना विचारलं, बिलियर्डचा खडू कसा असतो. “निळा,” त्या म्हणाल्या. “माझा दीर त्या पायीच बुडाला. का हो?”

“सहज.”

निळा असतो. यांच्या बाहीवरचा पांढरा. स्वस्तातला हॉल असेल.

२२ ऑक्टोबर, शुक्रवार

ओतोसेबाई म्हणतात, तामाए सोमवारपासून गाडीला दिसलेली नाही. “वेळ बदलली असेल वहिनी, लगेच तोंड वाळवून बसू नका.” पण त्या स्वतः आज मासा तोलताना दोनदा चुकल्या.

आणि एक नवल. हे दाराशी आले आणि ओतोसेबाईंशी बोलले. वीस वर्षांत यांनी त्यांना “बरं” यापलीकडे शब्द दिला नव्हता. आज विचारतात, “सकाळच्या गाडीला हल्ली गर्दी असते का?”

“असते की साहेब. कारखान्याच्या बायका असतात.”

“सगळ्या येतात?”

“बहुतेक सगळ्या.”

“बहुतेक,” हे म्हणाले आणि आत गेले. ओतोसेबाई माझ्याकडे बघतात, मी त्यांच्याकडे. “साहेबांना गर्दीचं काय पडलंय?” मी म्हणाले, निवृत्तीनंतर माणूस कशातही लक्ष घालतं.

फळ्यावर लिहिलं: ‘तब्येत कशी आहे.’ एवढंच. पुढे प्रश्नचिन्ह काढलं, मग पुसलं. ओरडल्यासारखं दिसत होतं.

२५ ऑक्टोबर, सोमवार

हे आता सकाळी जातात आणि दुपारच्या आत पुन्हा एकदा. जेवण अर्धं टाकतात. काल मिसोचं पातळ तसंच ठेवलं. मी आज ते उकळून स्वतः घेतलं. बाही पांढरी. शेवटी मी विचारलंच. रागावून नाही, आपला माणूस बुडत असेल तर किती पाण्यात आहे ते कळायला हवं.

“किती हरलात?”

“काय?”

“जे काही हरला असाल ते.”

यांनी चहाचा पेला दोन्ही हातांत धरला.  समोर तामाएचं ताट होतं, त्याकडे बघत होते.

“बरंच,” म्हणाले.

 पोस्टाचं पासबुक काढून बघितलं, त्यातून काही गेलेलं नाही. मग कशातून हरले? विचारायचा धीर झाला नाही.

२८ ऑक्टोबर, गुरुवार. कुत्र्याचा दिवस.

पोटपट्टा फडक्यात बांधून दुपारी स्टेशनात बाकावर बसले. भेटायचं नाही असं पूर्वजांना सांगितलं आहे; पण गाठोडं बाकावर ठेवून मी खांबाआड उभी राहिले आणि तिने ते उचललं, तर त्याला भेट म्हणत नाहीत. एवढा विचार करून गेले होते. गाड्या आल्या, बोगद्यातला गरम वारा आला आणि गेला, माणसं उतरली. दोन पोटुशा बायका उतरल्या, दोन्ही वेळा मी उठले. कारखान्याच्या बायका परतल्या तरी ती नाही.

मोरिवाकीसाहेबांनी चहा आणून दिला. “काकू, घरी कुणाशी बोललात का या विषयावर?”

“घरात तिचं नाव घ्यायचं नाही.”

“असा नियम आहे?”

“आहे.”

“नियम,” ते म्हणाले आणि फळा पुसायचा फडका हातात घेऊन नुसतेच उभे राहिले. “मी बावीस वर्षं नियम पाळतोय काकू. फळ्यावरचं वाचायचं नाही, वाचलं तर बोलायचं नाही. कधी कधी फार जड जातं.”

त्यांना कामाचा शीण आला असावा. अशा जागी ऊन नाही, मोकळी हवा नाही.

घरी आले तर देव्हाऱ्यात कागदाच्या लगद्याचा कुत्रा. पाठीवर टोपली असलेला, लालपिवळा. बाळंतपण सुखाचं व्हावं म्हणून ठेवतात तो.

“हे काय?”

“सिगारेटवाल्याकडे सुटे नव्हते. त्याऐवजी दिलं.”

“सुट्या पैशांऐवजी कुत्रा?”

“दिलं त्याने. मी काय करू?”

मी म्हणाले, उद्या जाऊन परत करा, लोक तुम्हाला फसवतात.  कुत्र्याचं तोंड जरा भिंतीकडे होतं, ते यांनी सरळ केलं आणि अंघोळीला गेले.

ताटावरचं झाकण उचललं. आत कोरडं.

भात पुन्हा वाफवला, कढत कढत वाडग्यात घातला, झाकण ठेवलं, दव धरलं. पूर्वजांना फसवलं, हे लिहून ठेवते. त्यांनाही मुली होत्या.

३१ ऑक्टोबर, रविवार

देवळात गेले. पुजाऱ्यांच्या पत्नी म्हणाल्या, पुढचा कुत्र्याचा दिवस ९ नोव्हेंबर, तोही चालतो. कापड बांधलं जाणं महत्त्वाचं. चालतो म्हणाल्या, पण माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या. ज्यांची काळजी वाटते त्यांच्याच हातावर लोक हात ठेवतात.

ओतोसेबाई काल मासळी आणायला गेल्या तेव्हा कारखान्याच्या फाटकावर चौकशी करून आल्या. तामाए रजेवर. दवाखान्याचा कागद आला आहे. कसला कागद, ते तिथल्या माणसाला माहीत नाही. पत्ता देत नाहीत.

जेवताना वाटलं, सांगून टाकावं. शब्द मोडला तर मोडला.

“अहो.”

“काय?” यांनी इतक्या चटकन मान वर केली की मी दचकले.

“मुळा खारट झालाय का?”

“नाही.” मग थोड्या वेळाने तेच म्हणाले, “ऐक.”

“काय?”

“नाही. मुळा चांगला झालाय.”

दोघांनी मुळा संपवला. तो खारटच होता.

४ नोव्हेंबर, गुरुवार

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

सकाळी हे फिरून आले ते धापा टाकत. स्टेशनच्या जिन्याने कुणी धावत चढलं तर होतं तसं. चपला दारात एक इकडे एक तिकडे. सरळ देव्हाऱ्यापुढे बसले, घंटा वाजवली आणि कपाळ चटईला टेकवलं. आईच्या वर्षश्राद्धाखेरीज हे असं करत नाहीत. मग तीन वाडगे भात खाल्ला. मी मनात म्हटलं, जिंकले वाटतं.

म्हणाले, “आज दुपारी जरा बाहेर जाऊन ये.”

“कुठे?”

“कुठेही. हवा बरी आहे. स्टेशनकडे.”

“स्टेशनात कसली हवा?”

“तुझे अभ्रे नाहीत का ते? मळले असतील.”

अभ्रे परवाच बदलले होते. आणि माझ्या अभ्र्यांची यांना कधीपासून फिकीर? पण मला जायचंच होतं.

जिना उतरतानाच फळा दिसला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भरलेला. अक्षरं अनोळखी, जाड आणि सरळ, प्रत्येक अक्षर दुसऱ्यापासून सारखं दूर. जहाजाच्या नाकावर नाव रंगवतात तशी. मी दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचून इथे लिहायला पाठ केलं:

‘फळ्यावरच्या दोघांना, सकाळच्या आणि दुपारच्या. तामाए अंथरुणात आहे. रक्त दिसलं होतं, आता थांबलं. डॉक्टरांनी उठू नको सांगितलं आहे. बाळ ठीक. मी कामावर जाता-येता इथे उतरून वाचतो आणि तिला सांगतो. ती रोज विचारते, आज काय लिहिलं होतं. मला बोलायला जमत नाही. चूक झाली असेल तर माझी. रियोकिची.’ खाली पत्ता. बंदराच्या पलीकडे, खाडीपुलाच्या वस्तीत.

 बाकावर बसले. बाळ ठीक. बाळ ठीक.

वर वेळ घातली होती ती कालच्या संध्याकाळची. सहा तास केव्हाच उलटून गेले होते. मोरिवाकीसाहेब फाटकात उभे राहून तिकिटं कापत होते, माझ्याकडे न बघता.

“साहेब, हे पुसलं नाहीत?”

“फडका धुवायला दिलाय काकू.”

फडका त्यांच्या खिशातून अर्धा बाहेर लोंबत होता. मी कमरेतून वाकून नमस्कार केला. त्यांनीही टोपी काढली. म्हणाले, “सकाळच्यांनीही वाचलं. आता तुम्ही वाचलंत. आता फडका सापडेल.”

येताना विचार केला, हे सकाळचं माणूस कोण? तामाएची मैत्रीण असावी, शाळेतली. इतके दिवस कुणीतरी रोज माझ्या लेकीसाठी लिहीत होतं आणि मला पत्ता नाही. देव कुणाच्या रूपाने येतो सांगता येत नाही. तिच्यासाठी देव्हाऱ्यात एक उदबत्ती जास्त लावली.

हे विचारतात, “मग? हवा कशी होती?”

“चांगली होती.”

“हं,” म्हणाले. आणि मी पाठ फिरवली तेव्हा नाक शिंकरल्याचा आवाज. धावत जिने चढायचं हे वय नव्हे, सर्दी होणारच.

५ नोव्हेंबर, शुक्रवार

पार्सल बांधलं: पोटपट्टा, लोकरीचे पायमोजे, माझे जुने उसवून विणलेले, खारवलेल्या उमे फळांची लहान बरणी, भुशात घालून, वाळवलेले शिंगाडे मिळाले नाहीत म्हणून सुकवलेली पर्सिमॉन फळं पाच. कागदी कुत्राही घालायचा होता, पण देव्हाऱ्यात दिसेना. यांनी परत केला वाटतं सिगारेटवाल्याला. एकदा माझं ऐकलं, तेही आज.

घरच्या काट्यावर पार्सल बाराशे ग्रॅम भरलं. दोरी घट्ट ओढून गाठ मारली. पत्ता लिहिताना वाटलं, हे विचारतील, कुणाला? काय सांगायचं ते ठरवत होते, तेवढ्यात हे कोट घालून दारात उभे.

“पोस्टात जायचंय ना? दे. जड आहे.”

“तुम्हाला कसं कळलं पोस्टात जायचंय?”

“दोरी बांधलीस म्हणून.”

पत्त्याची बाजू छातीशी धरून घेऊन गेले. कुणाला, ते विचारलंच नाही. देवळाचं काही असेल असं वाटलं असावं. बरं झालं. मला खोटं बोलावं लागलं नाही, त्यांना शब्द मोडावा लागला नाही.

६ नोव्हेंबर, शनिवार

हिशेबासाठी पोस्टाची पावती मागितली. यांनी कोटाच्या आतल्या खिशातून काढून दिली. तिच्यावर वजन सतराशे ग्रॅम.

“घरी बाराशे होतं.”

“तुझा काटा जुना आहे.”

“तांदळाला तर बरोबर दाखवतो.”

“पोस्टाचा काटा सरकारी आहे,” हे म्हणाले. “आणि दोरी सैल होती, मी पुन्हा बांधली. दोरीचं वजन धर.”

दोरीचं पाचशे ग्रॅम!  कोट खुंटीला लावताना बाही पाहिली. आज स्वच्छ. आज सकाळी हे बाहेर गेलेच नाहीत, घरात बसून पेपर वाचला, दोनदा तेच पान. खेळ सुटला असेल तर देवाची कृपा.

तामाएला आज वेगळं कार्ड टाकते आहे. त्याची नक्कल:

‘चि. तामाए, पार्सल सोमवारपर्यंत हाती पडेल. पट्टा मंगळवारी, ९ तारखेला, सकाळच्या वेळी बांध; रियोकिचीला दुसरं टोक धरायला सांग, फार आवळू नको. उठायचं नाही म्हणजे नाही. त्याचं अक्षर फार सुरेख आहे, त्याला सांग. तुझे वडील बरे आहेत. मधे त्यांना एक नाद लागला होता, बरंच हरले म्हणाले, पण परवापासून चेहरा उजळला आहे, तेव्हा काही परत मिळालं असावं. त्यांचा राग धरू नको. सकाळी तुझ्यासाठी फळ्यावर लिहिणारं ते माणूस कोण, हे मात्र मला सांग. त्या माणसासाठी उमेची एक बरणी मी बाजूला काढून ठेवली आहे. आणि पार्सल घरून निघालं तेव्हापेक्षा पोस्टात जड भरलं आहे. सावकाश उघड, आणि आतून काय काय निघालं ते एकेक करून उलट टपाली कळव.’